डहाणूचे धुराडे आणि आवर्तसारणीची सहा घरे

डहाणूच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरातून गंधक काढून टाकणारे संयंत्र बसवावे, यासाठी दीड दशकाहून अधिक काळ पाठपुरावा चालला. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चर्चिला गेलेला हा विषय २००७ मध्ये संयंत्र कार्यान्वित झाल्यावर तडीस गेला. हा लढा कायद्याच्या आणि पर्यावरणाच्या भाषेत लढला गेला. मात्र त्याच्या मुळाशी महाविद्यालयीन रसायनशास्त्रातील एक प्रकरण आहे, ते म्हणजे पी-खंडातील मूलद्रव्ये. भट्टीत गेलेले कोणते मूलद्रव्य राख होऊन खाली पडते, कोणते वायू होऊन वर जाते आणि कोणते समुद्राच्या पाण्याने धुऊन काढता येते, हे बऱ्याच अंशी त्याच्या आवर्तसारणीतील स्थानावर अवलंबून असते.

पी-खंड म्हणजे काय?

आवर्तसारणीच्या उजव्या बाजूला असलेले १३ ते १८ क्रमांकाचे सहा गण म्हणजे पी-खंड. या मूलद्रव्यांच्या अणूंत शेवटचा इलेक्ट्रॉन 'पी' उपकवचात जातो. या उपकवचात सहाच इलेक्ट्रॉन मावतात, म्हणून गणही सहा आहेत. अठराव्या गणातील हेलियम तेवढा याला अपवाद आहे.

या खंडात दोन दिशांनी गुणधर्म बदलतात. डावीकडून उजवीकडे जाताना अणुकेंद्रावरील धनप्रभार वाढतो, पण इलेक्ट्रॉनांची बाहेरची कक्षा तीच राहते. त्यामुळे अणू आकसतो, इलेक्ट्रॉन ओढून घेण्याची त्याची शक्ती म्हणजे विद्युतऋणता वाढते आणि त्याची ऑक्साइडे अधिकाधिक आम्लधर्मी होत जातात. वरून खाली जाताना मात्र प्रत्येक आवर्तात एक कक्षा वाढते, अणू मोठा होतो आणि धातूचे गुण दिसू लागतात. चौदाव्या गणात कार्बन अधातू, सिलिकॉन व जर्मेनियम धातुसदृश, तर कथील आणि शिसे सरळसरळ धातू आहेत.

खाली पडते ती राख

तिसऱ्या आवर्तात अ‍ॅल्युमिनियम, सिलिकॉन, फॉस्फरस, गंधक, क्लोरिन आणि आर्गॉन अशी पी-खंडाची सहा घरे आहेत. कोळशाच्या भट्टीत या सहाही घरांचा हिशेब लागतो.

भारतीय कोळशात राखेचे प्रमाण मोठे, साधारणपणे ३० ते ४० टक्के असते. या राखेचा बहुतांश भाग सिलिका आणि अ‍ॅल्युमिना, म्हणजे सिलिकॉन व अ‍ॅल्युमिनियम यांची ऑक्साइडे असतात. अ‍ॅल्युमिना उभयधर्मी आहे. ते आम्लाशीही संयोग पावते आणि अल्कलीशीही. सिलिका सौम्य आम्लधर्मी आहे. चुन्यासारख्या आम्लारिधर्मी पदार्थाशी पाण्याच्या सान्निध्यात तिचा संयोग होऊन कठीण पदार्थ बनतो. फ्लाय अ‍ॅश सिमेंटमध्ये वापरली जाते ती याच गुणामुळे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. कार्बन आणि सिलिकॉन एकाच गणातले शेजारी आहेत. तरी कार्बन डायऑक्साइड वायू होऊन आकाशात जातो आणि सिलिकॉन डायऑक्साइड वाळूचे, राखेचे रूप का घेतो? याचे उत्तर अणूच्या आकारात आहे. कार्बनचा अणू लहान असल्यामुळे तो ऑक्सिजनशी पक्के दुहेरी बंध जोडतो आणि सुटा, स्वतंत्र रेणू तयार होतो. सिलिकॉनचा अणू मोठा असल्यामुळे त्याला असे दुहेरी बंध मानवत नाहीत. तो चार ऑक्सिजन अणूंशी एकेरी बंध जोडतो, ते ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनशी जोडले जातात आणि सलग जाळे विणले जाते. हे जाळे वितळण्यास सुमारे १७०० अंश सेल्सियस तापमान लागते. दुसऱ्या आवर्तातील मूलद्रव्ये आपल्याच गणातील इतरांहून निराळी वागतात, ती बरीचशी याच कारणाने. नायट्रोजन आणि ऑक्सिजन वायू आहेत. त्यांच्या खालचे फॉस्फरस आणि गंधक स्थायू आहेत.

फॉस्फरस कोळशात अल्प असतो आणि तो मुख्यत्वे राखेतच राहतो. अठराव्या गणातला आर्गॉन हवेत सुमारे ०.९३ टक्के असतो. त्याची बाहेरची कक्षा पूर्ण भरलेली असल्यामुळे तो भट्टीत जसा येतो तसाच बाहेर पडतो.

वर जाते ते गंधक

वादाचे मूळ सोळाव्या गणात आहे. गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. गंधकाच्या एका अणूचे वस्तुमान ३२ आणि त्याला चिकटणाऱ्या दोन ऑक्सिजन अणूंचेही ३२, म्हणजे एक किलो गंधकापासून दोन किलो वायू तयार होतो. कोळशात अर्धा टक्काच गंधक धरला, तरी हजार टन कोळशामागे दहा टन सल्फर डायऑक्साइड निघतो.

हा वायू पानांच्या रंध्रांतून आत शिरतो आणि ओलाव्यात आम्ल तयार करतो. हवेत त्याचे आणखी ऑक्सिडीकरण होऊन गंधकाची संयुजा चारवरून सहावर जाते आणि सल्फ्युरिक आम्ल व सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात. हे कण फुफ्फुसांत खोलवर पोहोचतात. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या तालुक्याची ओळखच बागांवर उभी आहे, तेथे या वायूविषयी चिंता वाटणे स्वाभाविक होते.

पाठपुराव्याचा प्रवास

मुंबईला वीज पुरवण्यासाठी बीएसईएस कंपनीने ५०० मेगावॉटचे हे केंद्र उभारले. प्रकल्पाला आव्हान देणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केली नाही; मात्र गंधक काढणाऱ्या संयंत्राच्या अटीचा ऊहापोह त्या निकालात झाला होता. त्याच वर्षी २० जून रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. केंद्रातील वीजनिर्मिती १९९५ मध्ये सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार डिसेंबर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. संयंत्र बसवण्याचा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला आणि २००७ मध्ये ते कार्यान्वित झाले. दरम्यान केंद्र रिलायन्सकडे आणि २०१८ मध्ये अदानी समूहाकडे गेले.

समुद्राचे पाणी काय करते?

डहाणूच्या संयंत्रात धूर समुद्राच्या पाण्याने धुतला जातो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते. त्याचा सामू आठच्या आसपास असतो आणि त्यात बायकार्बोनेट विरघळलेले असते. सल्फर डायऑक्साइड पाण्यात विरघळून आम्ल देतो. पुढे त्या पाण्यात हवा खेळवली की सल्फाइटचे सल्फेट होते. कार्बनच्या आम्लापेक्षा गंधकाचे आम्ल प्रबळ असल्यामुळे ते बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड हुसकावून लावते.

समुद्राच्या प्रत्येक किलो पाण्यात मुळातच सुमारे २.७ ग्रॅम सल्फेट असते, त्यामुळे नव्याने पडणारी भर तुलनेने थोडी असते. कोळशातील क्लोरिनपासून होणारा हायड्रोजन क्लोराइडही पाण्यात सहज विरघळतो.

मात्र यालाही मर्यादा आहेत. गंधक नाहीसा होत नाही. तो हवेतून पाण्यात जातो. हवा नीट खेळवली नाही, तर आम्लयुक्त आणि प्राणवायू कमी असलेले पाणी बाहेर पडून जलचरांना अपाय होऊ शकतो. त्यामुळे बागायतदाराची काळजी मिटते तिथे मच्छीमाराची सुरू होते. सल्फर डायऑक्साइडच्या एका रेणूमागे कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू सुटतात, हेही हिशेबात धरावे लागते. शिवाय पंधराव्या गणातल्या नायट्रोजनवर या धुण्याचा फारसा परिणाम होत नाही. भट्टीत मुख्यत्वे नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. तो उदासीन असतो आणि पाण्यात अत्यल्प विरघळतो. त्याला आवर घालण्याचा एक मार्ग म्हणजे ज्वलनाची पद्धत बदलणे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली. त्यानंतर मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ च्या अधिसूचनेने देशातील बहुसंख्य केंद्रांची या संयंत्राच्या सक्तीतून सुटका झाली. भारतीय कोळशात गंधक कमी असतो, असा सवलतीच्या बाजूचा युक्तिवाद आहे. त्याच गंधकापासून दूरवर सल्फेटचे कण तयार होतात, याकडे विरोधक लक्ष वेधतात. हा वाद पुढेही चालेल. राखेला तळ्यात साठवता येते आणि सिमेंटमध्ये जिरवता येते. गंधकाला वाटेतच अडवावे लागते. डहाणूने त्यासाठी २००७ पर्यंत वाट पाहिली.