उथळ पाण्याला खळखळाट फार

गेल्या सहामाहीच्या पालकसभेत एका माजी सैनिक पालकांनी मला एक प्रश्न विचारला. निवृत्तीनंतर त्यांनी मोटरहोम बांधून घेतले आहे, म्हणजे झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेली गाडी. त्यांच्या तक्रारी दोन होत्या. ब्रेक दाबला की मागून कुणी ढकलल्यासारखे वाटते, आणि घाट चढून गेल्यावर नळ न उघडताही टाकीतले पाणी कमी झालेले असते. आपल्या शिबिराचा पाण्याचा ट्रेलर ओढणारे हवालदारसाहेबही हेच सांगतात. मी भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणून त्यांना दिलेले उत्तर इथे सर्वांसाठी लिहितो.

प्रथम वजन लक्षात घ्या. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. समजा टाकी 1 मीटर लांब, 50 सेंमी रुंद आणि 40 सेंमी उंच आहे. तिच्यात 200 लिटर पाणी मावते. अर्धी भरली तर आत 100 किलो वजन आहे, आणि ते बांधलेले नाही. गाडी थांबते, पण जडत्वामुळे पाणी पुढे जातच राहते. पूर्ण भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागा नसते. रिकाम्या टाकीत हलायला पाणीच नसते. खरा धोका अर्ध्या टाकीचा. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण इथे शब्दशः खरी ठरते.

आता थोडे गणित करू. जोराचा ब्रेक म्हणजे साधारण 3 मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी मंदता. त्या वेळी पाण्याचा पृष्ठभाग जवळजवळ 17 अंशांनी कलतो. 1 मीटर लांबीच्या टाकीत पुढच्या टोकाला पाणी 15 सेंमी चढते आणि मागे तितकेच उतरते. 20 सेंमीची पातळी पुढे 35 सेंमी होते. ब्रेक अचानक लागला तर लाट त्याहूनही वर जाऊन छताला आदळते. गाडीत जाणवतो तो हाच धक्का.

लाट एकदाच येऊन थांबत नाही. या टाकीत तिची एक फेरी पूर्ण व्हायला सुमारे दीड सेकंद लागतो. चालकाने त्याच तालात ब्रेक दाबला-सोडला, तर झोक्याला योग्य वेळी ढकलल्याप्रमाणे लाट वाढत जाते. यालाच अनुनाद म्हणतात. 1831 मध्ये इंग्लंडमधील ब्रॉटन येथे सैनिक पाय मिळवून चालत असताना झुलता पूल कोसळला होता. पुलावर कदमताल मोडण्याचा नियम तुम्हाला शिकवला जातो, त्यामागचे शास्त्र तेच आहे. वळणावर पाणी बाजूला चढते तेव्हा गाडी उलटण्याची भीती असते, म्हणून टाकी शक्य तितकी खाली आणि ॲक्सलच्या जवळ बसवावी.

हिंदकळण्यावर उपाय म्हणजे टाकीत आडवे पडदे बसवणे. त्यांना बॅफल म्हणतात. दोन पडदे घालून आपल्या टाकीचे तीन समान कप्पे केले, तर पृष्ठभाग तितकाच कलतो, पण प्रत्येक कप्प्याची लांबी एक तृतीयांश असल्याने पाणी 15 ऐवजी सुमारे 5 सेंमीच चढते. पडद्यांना तळाशी आणि वर भोके ठेवावीत. त्यामुळे टाकी एकाच तोंडाने भरता येते आणि तळातून पूर्ण रिकामी करता येते. मार्च 2007 मध्ये स्पेसएक्सच्या फाल्कन 1 रॉकेटचे दुसरे उड्डाण कक्षेपर्यंत पोहोचू शकले नाही. दुसऱ्या टप्प्याच्या द्रव ऑक्सिजनच्या टाकीत बॅफल नव्हते, आणि हिंदकळणाऱ्या द्रवामुळे रॉकेटचा ताबा सुटला.

दुसरी तक्रार पाणी सांडण्याची. टाकीत पाणी शिरते तेव्हा तितकीच हवा बाहेर पडावी लागते. हवेची नळी बारीक असेल आणि पाईपचा जोर जास्त असेल, तर हवा अडते आणि पाणी भरण्याच्या तोंडातून उसळते. टाकी भरली असे वाटते, पण ती भरलेली नसते. म्हणून हवेची नळी पुरेशी जाड असावी आणि नळ बेताने सोडावा.

चालत्या गाडीत दोष बहुधा ओव्हरफ्लोच्या नळीचा असतो. ती मागच्या भिंतीतून निघून गाडीखाली लोंबत असेल, तर चढावर पाणी मागे येऊन तिच्यात शिरते. नळी एकदा भरली की सायफन सुरू होतो आणि नळीचे तोंड उघडे पडेपर्यंत पाणी खेचले जाते. दहास एक चढावर आपल्या टाकीच्या मागच्या टोकाला पातळी 5 सेंमी वाढते. टाकी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत भरलेली असेल, तर लांब चढात जवळपास 25 लिटर पाणी रस्त्यावर जाते. माणशी दिवसाला 5 लिटर धरले, तर ते पाच कॅडेटांचे एका दिवसाचे पिण्याचे पाणी झाले.

उपाय सोपा आहे. ओव्हरफ्लोचे तोंड टाकीच्या छताच्या मध्यभागी ठेवा, कारण टाकी कलली तरी मधली पातळी फारशी बदलत नाही. नळी आधी टाकीच्या वर नेऊन मग खाली वळवा, आणि सर्वात उंच जागी हवेसाठी छिद्र ठेवा. हवा आत आली की सायफन तुटतो.

शिबिराला जाताना टाकी भरलेली असते आणि सगळे सावध असतात. परतताना ती अर्धी असते आणि सगळे थकलेले असतात. म्हणून परतीच्या घाटात वेग कमी ठेवा, ब्रेक लवकर आणि सारख्या दाबाने लावा, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवा. पुढे पाण्याची खात्रीची सोय असेल, तर उरलेले पाणी निघण्यापूर्वी जवळच्या वस्तीला किंवा झाडांना द्या.

कॅडेटांनी एक प्रयोग जरूर करावा. एक चौकोनी डबा अर्धा भरा आणि टेबलावर सरकवून एकदम थांबवा. मग त्यात पुठ्ठ्याचे दोन पडदे घट्ट बसवून पुन्हा तसेच करा. दोन्ही वेळा किती पाणी सांडले ते मोजून वहीत लिहा आणि वर्गात घेऊन या.