काळ्या पाषाणाखालीं काय आहे?

धरणगांवच्या शिवारांत विहीर खणावयास घेतली म्हणजे खणणारा मनुष्य वरून खालीं एकेका थराचें नांव सांगत जातो. प्रथम काळी माती, मग मुरूम, मग पहारीनें फुटणारा मांजऱ्या, मध्येंच एखादा तांबड्या गेरूचा पट्टा, आणि शेवटीं सुरुंगावांचून न हलणारा काळा पाषाण. तेथें पाणी लागलें तर लागलें, नाहीं तर मालक कपाळास हात लावून काम थांबवतो. त्या पाषाणाच्याही खालीं काय आहे हा प्रश्न त्याला पडत नाहीं, व पडण्याचें कारणही नाहीं. परंतु हाच प्रश्न विचारून त्याच्या उत्तरामागें आयुष्यांतील पांच-सहा वर्षें घालवावीं लागतात असें एक शास्त्र आहे. खनिज तेलाचें भूशास्त्र हें त्याचें नांव. कापसाच्या व्यापारासाठीं आणि बालकवींच्या जन्मासाठीं जें गांव महाराष्ट्रास ठाऊक आहे, त्या गांवच्या एखाद्या मुलानें किंवा मुलीनें या विषयांत एम्.एस्‌सी. करावयाचें मनांत आणलें, तर घरांतील वडील मंडळी पहिला प्रश्न विचारतील तो असा कीं, खानदेशांत तेल आहे कोठें? प्रश्न अगदीं रास्त आहे. आणि गंमत अशी कीं, या विद्येचा बराचसा भाग त्या एका प्रश्नाच्या उत्तरांत येऊन जातो.

खनिज तेल जमिनीखालच्या तळ्यांत सांचलेलें असतें व नळ खुपसला कीं वर येतें, अशी पुष्कळ सुशिक्षितांचीही समजूत असते. वस्तुतः तें खडकांतच असतें; स्पंजांत पाणी असावें तसें वाळूच्या किंवा चुन्याच्या खडकाच्या बारीक छिद्रांत भरलेलें असतें. मूळ उत्पत्ति बहुतेक वेळां जुन्या समुद्रांतील व सरोवरांतील सूक्ष्म जीवांपासून. हे जीव मरून चिखलांत गाडले गेले, त्यांवर थरावर थर चढले, ओझें वाढलें, खोली वाढली व उष्णता वाढली. ही उष्णता अदमासें ६० ते १२० अंश सेंटिग्रेड असली म्हणजे तेल तयार होतें. येथें खानदेशी स्वयंपाकघरांतील दाखला उपयोगी पडेल. भरताचें वांगें काट्यांवर भाजतांना आंच कमी पडली तर तें कच्चें राहतें आणि अधिक लागली तर करपतें. जमिनीच्या पोटांतही तसेंच: आंच कमी, तर चिखलाचा दगड कोरडाच राहतो, फार, तर तेल मोडून नुसता वायु उरतो.

तेल तयार झालें म्हणजे भागलें असेंही नाहीं. तें पाण्याहून हलकें असल्यानें खडकांतून वर सरकत राहतें. त्याला सांठवणारा सच्छिद्र खडक हवा, त्यावर झांकणासारखा न झिरपणारा थर हवा, आणि त्या दोहोंची रचना अशी हवी कीं, तेल कोंडलें जाईल. या कोंडणाऱ्या रचनेस इंग्रजींत ‘ट्रॅप’ म्हणतात. दख्खनच्या काळ्या पाषाणालाही ‘ट्रॅप’च म्हणतात, मात्र तें नांव पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून पडलेलें आहे, कारण या खडकाचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. एकाच नांवाच्या या दोन वस्तूंनीं पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा थोडाबहुत गोंधळ होतो.

आतां धरणगांवच्या रुळांवरून पश्चिमेस जावें. ही लोहमार्गाची वाट तापीच्या सोबतीनें सुरतेस जाते. तेथून थोडें उत्तरेस गेलें कीं अंकलेश्वर. खंभातजवळ लुणेज येथें १९५८ सालीं व अंकलेश्वर येथें १९६० सालीं तेल लागलें. त्यापूर्वीं हिंदुस्थानांत तेल म्हणजे आसामांतील दिगबोई, जेथें १८८९ सालीं तें सांपडलें, एवढेंच सामान्य माणसास माहीत असे. मग सुरतेपलीकडे जें आहे तें अलीकडे कां नसावें? एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरांत निसर्गानें इतका पंक्तिप्रपंच कां केला?

उत्तर कालक्रमांत आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे प्रवाह एकावर एक पसरले; आजही ते सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर भूमीवर आहेत. खंभातकडचा भाग या प्रवाहांनंतर खचत गेला, समुद्र आंत आला, आणि काळ्या पाषाणाच्या डोक्यावर चिखल व वाळू यांचे हजारों मीटर जाडीचे थर बसले. तेथील तेल मुख्यतः या वरच्या थरांतलें. (बडोद्याजवळ पादरा येथें तर काळ्या पाषाणाच्या भेगांतूनच तेल निघतें, पण तें बाहेरून आंत शिरलेलें आहे, पाषाणानें निर्माण केलेलें नव्हे.) खानदेशांत लाव्ह्यानंतर समुद्र आला नाहीं. तापीकांठीं जो गाळ आहे, ज्यावर यावल-रावेरच्या केळी उभ्या आहेत, तो नदीचा आहे, कोवळा आहे, आणि तेल शिजण्याजोगी खोली त्याला नाहीं. म्हणजे खानदेशांत कांहीं असलेंच, तर तें पाषाणाच्या वर नसून खालीं असलें पाहिजे: लाव्हा येण्यापूर्वींच्या एखाद्या समुद्राच्या गाळांत.

असा समुद्र कल्पनेंतला नाहीं. नर्मदेच्या खोऱ्यांत बाघ या गांवाजवळ लाव्ह्याखालचे सागरी थर उघडे पडले असून त्यांत शंखशिंपल्यांचे अवशेष मिळतात. ते थर दक्षिणेस पाषाणाखालीं किती दूर गेले आहेत, हा खरा प्रश्न. तो सोडविण्यासाठीं हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनें जमिनींत सुरुंगांचे स्फोट करून, खालच्या थरांवरून परत येणाऱ्या कंपनांची नोंद घेतली. अशी एक रेषा माळव्यांतील थुआदरापासून सेंधव्यावरून खानदेशांतील शिंदाडपर्यंत आखलेली होती. नकाशावर सेंधवा ते शिंदाड पट्टी ठेवून पाहावी. धरणगांव तिच्यापासून फारसें दूर राहत नाहीं. या कंपनांवरून नर्मदा-तापीच्या टापूंत काळ्या पाषाणाखालीं मध्यजीव युगाचें एक गाळाचें खोरें झांकलेलें असावें, असें अनुमान कैला यांनीं १९८८ सालीं प्रसिद्ध केलें.

अनुमान आणि तेल यांत मात्र मोठें अंतर आहे. काळा पाषाण कंपनांना फार त्रास देतो: त्याच्या थरांत लाटा मागेंपुढें आपटत राहतात आणि खालून येणारा क्षीण संदेश त्या गोंगाटांत बुडून जातो. दुसरें असें कीं, पाषाणाखालीं गाळ असेलच अशी खात्री नाहीं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर तेथें ६१७ मीटर खोल छिद्र घेतलें, त्यांत ३३८ मीटर पाषाण, त्याखालीं अवघा ८ मीटर गाळ आणि मग ग्रॅनाइटसारखा मूळचा खडक लागला. कोयनेच्या परिसरांत १,५२२ मीटर खोल गेलेल्या छिद्रांत तर सुमारें ९३३ मीटरांवर पाषाण संपला आणि मध्यें गाळ मुळींच न लागतां थेट मूळचा खडक आला. शिवाय धुळें-नंदुरबारकडे जमिनींतून उभ्या भिंतींप्रमाणें वर आलेल्या लाव्ह्याच्या शिरा दाट आहेत. त्यांनीं खालचें वांगें करपवून टाकलें नसेल कशावरून? महाराष्ट्राच्या भूमीवर व्यापारी प्रमाणांत तेल आजवर निघालेलें नाहीं. वडिलांच्या प्रश्नाचें प्रामाणिक उत्तर इतकेंच आहे.

महाराष्ट्राचें तेल निघालें तें समुद्रांत. मुंबईपासून सुमारें १६० किलोमीटरांवर ‘सागर सम्राट’ या छिद्रण-जहाजानें फेब्रुवारी १९७४ मध्यें ‘मुंबई हाय’चा शोध लावला, आणि मे १९७६ मध्यें उत्पादन सुरू झालें. तेथें तेल आहे तें मुख्यतः चुनखडीच्या थरांत, आणि या सर्व थरांच्या तळाशीं पुन्हां तोच, धरणगांवच्या विहिरींतला काळा पाषाण!

हें सर्व ओळखावयास शिकविणारा अभ्यासक्रम बी.एस्‌सी.नंतर दोन वर्षांचा असतो. दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा घांसून तो सूक्ष्मदर्शकाखालीं वाचणें. सूक्ष्म सागरी जीवांच्या कवचांवरून थराचें वय ठरविणें. कंपनांच्या आलेखांतून जमिनीखालची घडी ओळखणें. यांत सर्वांत मौजेचा विषय म्हणजे छिद्रांत उपकरण सोडून खडकाची विद्युत् अथवा किरणोत्सारी नोंद घेण्याचा. फ्रान्समध्यें १९२७ सालीं श्लुंबर्जे बंधूंच्या मंडळींनीं अशी पहिली विद्युत् नोंद घेतली. खडक डोळ्यांनीं न पाहतां त्यांत पाणी आहे कीं तेल, हें त्या नागमोडी रेघांवरून सांगतां येतें. कारण खारें पाणी वीज वाहूं देतें आणि तेल अडवतें. उन्हाळ्यांत व हिवाळ्यांत हातोडी व होकायंत्र घेऊन डोंगर तुडवावे लागतात तें वेगळेंच, आणि खरें शिक्षण तेथेंच होतें.

पुणें विद्यापीठांत भूशास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण मिळतें. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें व्यावहारिक भूशास्त्र शिकवितात, व तेथें ‘जॅम’ ही अखिल भारतीय परीक्षा द्यावी लागते. धनबादची खाणविद्येची शाळा १९२६ पासूनची. ती २०१६ सालीं आय.आय.टी. झाली. आसामांत दिब्रुगडास, तेलविहिरींच्या शेजारींच, ही विद्या शिकतां येते. पुढील संशोधनासाठीं डेहराडूनला केशवदेव मालवीय यांच्या नांवाची संस्था आहे. तेल व नैसर्गिक वायु आयोग १९५६ सालीं स्थापन झाला, त्यामागें याच मालवीयांचा आग्रह होता.

नोकरीविषयीं गोड बोलून उपयोग नाहीं. समुद्रावरील फलाटावर चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घरीं, असा क्रम सामान्यतः असतो. घरच्या लग्नाचा मुहूर्त फलाट पाहत नाहीं. तेलाचा भाव पडला कीं शोधाचें काम प्रथम थांबतें. १९८६ सालीं असें झालें, २०१४ नंतर पुन्हां झालें, आणि २० एप्रिल २०२० रोजीं तर अमेरिकेंतील एका सौद्यांत तेलाचा भाव शून्याच्याही खालीं गेला. जग हळूहळू तेलापासून दूर जाऊं पाहत आहे हेंही खरें. भारत मात्र आपल्या गरजेच्या चार-पंचमांशाहून अधिक कच्चें तेल बाहेरून आणतो, हेंही तितकेंच खरें. जन्मभराच्या पगाराची हमी म्हणून ही विद्या घेणाऱ्यानें दुसरी घ्यावी.

परंतु तिचा उपयोग तेलापुरता संपत नाहीं, ही गोष्ट पालकांच्या लक्षांत क्वचित् येते. सच्छिद्र थर, झांकण आणि द्रवाची हालचाल हा हिशेब पाण्यालाही तसाच लागू पडतो. विहिरी व कूपनलिका कोरड्या पडणाऱ्या जिल्ह्यास त्याची गरज तेलाहून निकडीची आहे. चोपडें तालुक्यांत अडावदजवळ उनपदेव येथें ऊन पाण्याचा झरा वाहतो. तो कोणत्या खोलीवरून तापून येतो हेंही याच विद्येनें शोधावयाचें. आणि आइसलंडमध्यें २०१२ पासून कर्बवायु पाण्यांत विरघळवून काळ्या पाषाणांत सोडतात; दोन वर्षांच्या आंत त्यांतील बहुतेक वायूचा दगड झालेला आढळला. दख्खनच्या पाषाणाची घडण आइसलंडच्या पाषाणाशीं पुष्कळ मिळतीजुळती आहे, म्हणून येथेंही तसा विचार चालू आहे.

ज्याला या वाटेनें जावयाचें असेल त्यानें बारावीस गणित व पदार्थविज्ञान सोडूं नये. भूशास्त्र हा विषय बी.एस्‌सी.ला थोड्याच महाविद्यालयांत असतो; तेव्हां प्रवेश घेण्यापूर्वीं तो तेथें खरोखर शिकविला जातो कीं नाहीं, आणि विद्यार्थ्यांना दगड पाहावयास बाहेर नेतात कीं केवळ पेटींतील नमुने दाखवितात, याची चौकशी स्वतः जाऊन करावी.