‘शोले’ आणि विभागलेला प्रेक्षक : पन्नास वर्षांचा मागोवा

रमेश सिप्पी दिग्दर्शित ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला आणि त्याच्याविषयीचे मतभेद पहिल्या आठवड्यापासूनच सुरू झाले. मुंबईच्या ‘मिनर्व्हा’त ७० मिमीचा प्रचंड पडदा आणि स्टिरिओ आवाज होता. तरी पहिले काही दिवस प्रेक्षागृह गप्प होते. टाळ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. चित्रपट-व्यवसायातल्या पत्रांनी चित्रपट पडल्याचे जाहीर केले. सुमारे तीन कोटींचा खर्च, अडीच वर्षांचे चित्रीकरण आणि वर ही शांतता, यामुळे निर्माते इतके धास्तावले की जय आणि वीरू या दोन नायकांपैकी जयच्या मृत्यूचा शेवट बदलण्याचाही विचार झाला. तो बदल झाला नाही, हे हिंदी चित्रपटाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

समीक्षकांचा आक्षेप दुहेरी होता. पहिला अनुकरणाचा. अमेरिकन आणि इटालियन वेस्टर्नपटांतले घोडे, उजाड टेकड्या आणि भाडोत्री बंदूकबाज भारतीय खेड्यात आणून बसवले आहेत, त्यामुळे चित्रपट ना इकडचा ना तिकडचा झाला आहे, असा ‘फिल्मफेअर’चा सूर होता. ‘इंडिया टुडे’च्या परीक्षणाने त्याला विझलेला निखारा ठरवले. उसनवारीचा आरोप निराधार नव्हता. ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड सर्जिओ लिओनीच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ची (१९६८) आठवण करून देते आणि गावाच्या रक्षणासाठी भाडोत्री लढवय्ये आणण्याची कल्पना कुरोसावाच्या ‘सेव्हन समुराई’पासून (१९५४) चालत आलेली आहे. पण त्याच हत्याकांडासाठी २३ दिवस चित्रीकरण झाले. झोक्याचा कर्कश आवाज, वाऱ्याने उडणारी प्रेतांवरची चादर, लहान मुलावर रोखलेली बंदूक आणि मग थेट रेल्वेचा धूर, ही जुळणी उसनी नाही. ती संकलक माधव शिंदे यांची कमाई आहे. ‘शोले’ला त्या वर्षी मिळालेला एकमेव ‘फिल्मफेअर’ पुरस्कार संकलनाचाच होता, आणि तो या मराठी माणसाला मिळाला. चित्रपटातल्या रामगढ गावाचा सेट उभारणारे कलादिग्दर्शक राम येडेकर, कालिया झालेले विजू खोटे आणि इमामाचा मुलगा अहमद याची भूमिका करणारे सचिन पिळगावकर हेही मराठीच. गाडीवरच्या दरोड्याचा प्रसंग पनवेलजवळच्या लोहमार्गावर चित्रित झाला.

दुसरा आक्षेप हिंसेचा होता आणि तो अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण प्रेक्षकांनी पाहिलेली हिंसा मुळात कापलेली होती. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत आलेल्या चित्रपटात निवृत्त पोलीस अधिकारी ठाकूर स्वतः सूड घेतो, कायदा हातात घेतो, हे सेन्सॉरला मान्य झाले नाही. मूळ शेवटात ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी डाकू गब्बरला ठार करतो आणि मग कोसळून रडतो. त्याऐवजी ऐनवेळी पोलीस येतात आणि ठाकूरला आवरतात, असा शेवट नव्याने चित्रित करावा लागला. अहमदच्या हत्येचा प्रसंगही गेला. पडद्यावर उरला तो गब्बरच्या हातावरचा मुंगळा आणि नंतर गावात आलेले प्रेत. येथे कात्रीने नकळत चित्रपटाचे भलेच केले. न दाखवलेला मृत्यू दाखवलेल्यापेक्षा जास्त वेळ छातीत राहतो. शेवटाबाबत मात्र तसे म्हणता येत नाही.

  मराठवाड्यात चित्र वेगळे होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. अशा गावांना मोठा चित्रपट उशिरा मिळे. प्रती मोजक्या असत, त्या आधी महानगरांत फिरत. ७० मिमीचा प्रक्षेपक सहसा मोठ्या शहरांतच असल्याने जिल्ह्याच्या ठिकाणी ३५ मिमीची प्रत लागे आणि ‘मिनर्व्हा’तला भव्यपणा तिच्यात नसे. भाषेची अडचण मात्र मराठवाड्यात नव्हती. १९४८ पर्यंत निजामी राजवटीत उर्दू हीच शिक्षणाची आणि कचेरीची भाषा होती, दखनी बाजारात बोलली जात होती. सलीम-जावेद यांची हिंदुस्थानी येथे थेट कानात शिरत होती. ‘पॉलिडॉर’ने संवादांची ध्वनिमुद्रिका काढली आणि चित्रपट पाहण्याइतकाच ऐकण्याचाही झाला. लग्नमंडपात, हॉटेलात, गणपतीच्या मांडवात गाण्यांऐवजी संवाद वाजू लागले, ही महाराष्ट्रभरची गोष्ट आहे.

१९७५ मध्येच श्याम बेनेगल यांचा ‘निशांत’ आला. पटकथा विजय तेंडुलकरांची. काळ १९४५ चा, मुलूख तेलंगणाचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या देगलूर-बिलोलीला लागून असलेल्या त्याच निजामी राज्याचा. मराठवाड्याच्या दृष्टीने ‘शोले’चा खरा प्रतिवाद कोणत्याही परीक्षणात नसून या चित्रपटात आहे. ‘शोले’त गावचा ठाकूर हा अन्याय सोसणारा, दयाळू पुरुष आहे आणि हिंसा टेकड्यांपलीकडून घोड्यावर बसून येते. ‘निशांत’मध्ये हिंसा वाड्यातूनच बाहेर पडते. मास्तरची बायको जमीनदाराची माणसे उचलून नेतात आणि कायदा हात वर करतो. शेवटी उसळलेला जमाव दोषी-निर्दोष न पाहता कापत सुटतो. ज्या प्रदेशाने जमीनदारी, वतनदारी आणि रझाकारांचा काळ पाहिला होता, त्याला दुसरे चित्र अधिक ओळखीचे वाटावे असे होते. गर्दी मात्र पहिल्याला झाली.

रामगढवरचा सर्वांत गंभीर आक्षेपही इथेच येतो. त्या गावात मौलवी आहे, मंदिर आहे, टांगेवाली आहे, पण जात नाही. कोणाची वस्ती गावकुसाबाहेर नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि त्यानंतर नांदेड जिल्ह्यासह मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. ते करणारे बाहेरचे डाकू नव्हते. ‘शोले’तली एकजुटीची खेडी खोटी आहेत, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे या पार्श्वभूमीवर खोडून काढणे अवघड आहे. त्याच्या बाजूने एवढेच सांगता येते की चित्रपटाने भीतीचे चित्र खरे रंगवले. अहमदच्या प्रेतासमोर गावकरी जय-वीरूला परत पाठवायला निघतात, तो प्रसंग कोणत्याही वास्तववादी चित्रपटात शोभला असता.

जगात ‘शोले’च्या काही वर्षे आधी एका वेगळ्या वेस्टर्नपटावरून असाच वाद पेटला होता. अलेहान्द्रो होडोरोव्स्की यांचा मेक्सिकोत तयार झालेला ‘एल तोपो’ डिसेंबर १९७० पासून न्यूयॉर्कच्या ‘एल्जिन’ चित्रपटगृहात मध्यरात्री दाखवला जाऊ लागला. रक्ताचे पाट, धर्मप्रतीके, स्वप्नासारखी विसंगत दृश्ये. काहींना त्यात साक्षात्कार दिसला, काहींना धक्क्यांचा बाजार. जॉन लेनन त्याचा चाहता, तर समीक्षक पॉलिन केल कठोर टीकाकार. हक्कांच्या भांडणात तो अनेक वर्षे अडकला आणि २००७ मध्ये डीव्हीडीवर रीतसर परतला. त्याचे भक्त मूठभर राहिले. ‘शोले’चे भक्त म्हणजे अख्खा देश. तरी दोघांच्या पंथाचे मूळ एकच आहे, ते म्हणजे पुन्हा पुन्हा पाहणे. ‘मिनर्व्हा’त ‘शोले’ पाच वर्षांहून अधिक चालला, शंभराहून अधिक चित्रपटगृहांत त्याने पंचवीस आठवडे ओलांडले.

पुढे विरोध मावळला, कधी पूर्ण उलटला. ज्या ‘फिल्मफेअर’ने त्याला अधांतरी ठरवले होते, त्याच्याच पुरस्कारांच्या पन्नासाव्या वर्षी, २००५ मध्ये, ‘शोले’ पन्नास वर्षांतला सर्वोत्तम चित्रपट ठरला. जानेवारी २०१४ मध्ये त्रिमितीतली आवृत्ती आली. मूळ शेवट व्हिडिओच्या काळापासून चाहत्यांच्या हाती पडत होता आणि त्यावरून नवे दोन तट पडले. पोलिसांच्या शेवटामुळे ठाकूर माणूस म्हणून वाचतो, असे एका तटाचे म्हणणे. दुसऱ्याच्या मते हात नसलेल्या माणसाचा सूड अर्धवट तोडणे म्हणजे सव्वातीन तासांच्या कथेशी दगा आहे. सूडानंतरचे त्याचे रडणेच कथेला उंची देते. दुसरी बाजू अधिक पटणारी आहे. सूड पुरा झाल्यावर हाती काहीच उरत नाही, हे मूळ शेवट सांगतो आणि बदललेला शेवट ते सांगायचे टाळतो.

फिल्म हेरिटेज फाउंडेशन आणि सिप्पी फिल्म्स यांनी पुनरुज्जीवित केलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीतील बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये भारतात प्रदर्शित झाली. तिच्यात मूळ शेवट आणि वगळलेले प्रसंग परत आले आहेत. आणीबाणीतला शेवट ज्यांच्या आठवणीत पक्का बसला आहे, त्यांना आता पडद्यावर पोलीस येताना दिसत नाहीत.