जुन्या जीपगाडीचे सुकाणू : दोष कसा शोधावा व दुरुस्ती कशी करावी

देवगड तालुक्यातील कुणकेश्वरच्या परिसरात एका बाजूस समुद्र आणि दुसऱ्या बाजूस जांभ्याचे कातळ अशी भूरचना आहे. कलमांच्या बागा बहुधा सड्यावर किंवा उतारावर असतात. तेथवर जाणाऱ्या वाटा अरुंद, चढउताराच्या आणि खडकाळ आहेत. अशा वाटांवर चारही चाकांना गती देणारी जीपगाडी उपयुक्त ठरली, यात नवल नाही. अमेरिकेतील विलिस कंपनीने १९५३ साली आणलेली सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप महिंद्र कंपनीने परवान्याखाली भारतात दीर्घकाळ तयार केली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजनेस प्रारंभ झाल्यानंतर विकासगटाची जीप हे खेड्यापाड्यांतील परिचित दृश्य झाले. यांपैकी काही जुन्या गाड्या बागायतदारांनी आजही जतन करून ठेवल्या आहेत.

अशा गाडीचे इंजिन बंद पडले, तर काम खोळंबते. परंतु सुकाणू, म्हणजे स्टेअरिंग, बिघडले तर जीवच धोक्यात येतो. आंब्याच्या पेट्या व माणसे घेऊन देवगड-निपाणी मार्गावरील फोंडा घाट उतरणाऱ्या गाडीचे चक्र हातात ढिले फिरू लागले, तर चालकाच्या कौशल्याचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वीच सुकाणूची पद्धतशीर तपासणी करणे हितावह होय.

सुकाणूची रचना

चालकाच्या हातातील चक्र एका पोलादी दांड्यावर नटाने बसविलेले असते. हा दांडा बाहेरच्या नळीतून खाली स्टेअरिंग बॉक्सपर्यंत जातो. दांड्याच्या खालच्या टोकास मळसूत्राप्रमाणे खाच असलेला कॅम असतो. त्या खाचेत आडव्या शाफ्टवरील दोन निमुळत्या पिना बसतात. चक्र फिरविले की पिना खाचेतून सरकतात, शाफ्ट वळतो आणि त्याच्या बाहेरच्या टोकावरील ड्रॉप आर्म पुढेमागे होतो. तेथून ड्रॅग लिंक, मधला बेल क्रँक व टाय रॉड यांच्यामार्फत ही हालचाल पुढील चाकांपर्यंत पोहोचते. चाके किंग पिनांवर वळतात.

चक्रापासून चाकापर्यंत अशी ही सांधणी आहे. प्रत्येक सांध्यात थोडी झीज झाली, तरी तिची बेरीज होऊन चक्रात मोठी ढिलाई जाणवते. ही एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली, तर पुष्कळशा चुका टळतात.

नेहमीची चूक

चक्र ढिले झाले की स्टेअरिंग बॉक्सच्या बाजूचा स्क्रू आवळून टाकावा, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. स्क्रू हाताशी असतो, आणि आवळताच चक्र घट्ट झाल्याचे समाधानही मिळते. परंतु ढिलाई जर खालच्या सांध्यांत असेल, तर ती तशीच राहते. उलट बॉक्समधील पिना व कॅम एकमेकांवर दाबून झिजू लागतात. वळण घेतल्यावर चक्र आपोआप सरळ होण्याचे बंद होते, आणि घाटात हाच दोष घातक ठरतो. म्हणून तपासणी नेहमी खालून वर करावी. बॉक्सचा स्क्रू हा शेवटचा उपाय समजावा.

तपासणीचा क्रम

प्रथम टायरमधील हवा पाहावी. हवा कमी असल्यास चक्र जड होते, आणि दोन टायरांत कमीजास्त असल्यास गाडी एका बाजूस ओढते.

नंतर गाडी सपाट जागी, चाके जमिनीवर सरळ ठेवून उभी करावी. एकाने चक्र थोडे थोडे डावीउजवीकडे हलवावे. दुसऱ्याने गाडीखाली पाहून ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, बेल क्रँक व टाय रॉडचे सांधे यांवर क्रमाने हात ठेवावा. ज्या सांध्याचा एक भाग हलतो पण पुढचा हलत नाही, तेथे झीज आहे असे समजावे. जुन्या जीपमध्ये बेल क्रँकच्या पिनेची झीज पुष्कळदा नजरेतून सुटते.

यानंतर पुढील आस जॅकने उचलून भक्कम लाकडी ठोकळ्यांवर टेकवावा. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कदापि शिरू नये. चाक वर व खाली धरून हलवावे. खेळ जाणवल्यास दुसऱ्यास ब्रेक दाबावयास सांगावे. ब्रेक दाबताच खेळ नाहीसा झाला, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, आणि तसाच राहिला, तर किंग पिनच्या बेअरिंगचा होय.

खड्ड्यातून गेल्यावर पुढील चाके जोराने थरथरत असतील, तर किंग पिन, टाय रॉडचे सांधे, पाट्यांचे यू-बोल्ट व टायरांची असमान झीज या सर्वांची तपासणी करावी.

चक्र जड झाल्यास

पुढील चाके उचललेली असतानाही चक्र जड फिरत असेल, तर ड्रॉप आर्मपासून ड्रॅग लिंक सोडवावी. आता चक्र हलके झाले, तर दोष खालच्या सांध्यांत, म्हणजे कोरड्या किंवा गंजलेल्या जोडांत आहे. तरीही जड राहिले, तर दोष बॉक्समध्ये किंवा दांड्यात आहे. अशा वेळी डॅशबोर्डखालचा, बाहेरच्या नळीस धरून ठेवणारा क्लॅम्प सैल करून पाहावा. क्लॅम्प सैल होताच चक्र मोकळे झाले, तर नळी वाकडी ओढून बसविली होती हे सिद्ध होते. क्लॅम्पची जागा सुधारून नळी नैसर्गिक स्थितीत बसवावी. या साध्या परीक्षेने बॉक्स खोलण्याचा खर्च अनेकदा वाचतो.

दांडा व नळी यांची दुरुस्ती

किनाऱ्यावरील खारी हवा आणि उघड्या जीपमध्ये चक्राच्या मध्यातून झिरपणारे पावसाचे पाणी यांमुळे नळीच्या वरच्या टोकाचे बेअरिंग गंजते. चक्र फिरविताना कुरकुर होते व दांडा वरच्या बाजूस डुलतो. हे बेअरिंग बदलण्यासाठी प्रथम बॅटरीची जोडणी काढावी, कारण हॉर्नची तार दांड्याच्या पोकळीतून वर येते. चक्र व दांडा यांवर खूण करून नट काढावा आणि चक्र पुलर लावूनच ओढावे. दांड्याच्या टोकावर हातोड्याने ठोकल्यास खालच्या बेअरिंगना इजा पोहोचते. वळताना हॉर्न आपोआप वाजत असेल, तर तारेवरील आवरण खरवडले गेले आहे असे समजून तार बदलावी.

दांडा वरखाली हलत असेल, तर कॅमच्या बेअरिंगमध्ये ढिलाई आहे. बॉक्सच्या वरच्या झाकणाखाली पातळ पत्र्याचे शिम असतात. त्यांतील एकेक काढून झाकण आवळावे. दांडा हलणे थांबले पाहिजे, पण चक्र मोकळे फिरले पाहिजे.

यानंतरच बाजूच्या स्क्रूकडे वळावे. ड्रॅग लिंक सोडवलेली ठेवून चक्र हळूच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजावेत. त्यांच्या निम्म्यावर मध्य येतो. कॅमची रचना मध्यभागी सर्वांत घट्ट असते. म्हणून स्क्रू मध्यस्थितीतच जुळवावा. मध्यावरून जाताना अगदी किंचित ओढ जाणवली की लॉकनट आवळावा. मध्याची ढिलाई काढताच टोकांकडे चक्र अडकू लागले, तर कॅम मध्यभागी झिजला आहे. तेथे जुळवणीचा उपयोग नाही. कॅम व पिना बदलल्या पाहिजेत.

बॉक्समध्ये ग्रीस भरू नये. ग्रीस एकदा बाजूस सरले की परत येत नाही व पिना कोरड्या राहतात. उत्पादकाने सांगितलेले गिअर तेलच भरावे. तेल गळत असल्यास सील बदलावे. सांध्यांना मात्र ग्रीस नियमितपणे द्यावे.

काही पथ्ये

१. ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड किंवा दांडा यांस वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. भाग बदलावा.

२. काढलेली स्प्लिट पिन पुन्हा लावू नये. तिच्या जागी तार वापरू नये.

३. सांधे बदलल्यावर चाकांचे टो-इन तपासावे. या जातीच्या जीपमध्ये ते सुमारे १.२ ते २.४ मिलिमीटर असते.

४. अपघातात दबणारी सुकाणूची नळी अमेरिकेतील जनरल मोटर्सने आपल्या १९६७ च्या मोटारींत आणली. जुन्या जीपचा दांडा सरळ व कठीण असतो. म्हणून छाती चक्राजवळ टेकवून गाडी चालवू नये.

५. दुरुस्तीनंतर प्रथम रिकामी गाडी सपाट रस्त्यावर संथपणे चालवून पाहावी. वळणानंतर चक्र आपोआप सरळ होते याची खात्री पटल्यावरच माल भरावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा संपताच, आणि पुन्हा आंबा काढणीपूर्वी, आपल्या गावातील जुन्या गाड्यांची अशी तपासणी स्थानिक मिस्त्रींच्या साहाय्याने घडवून आणावी. दोन माणसे, एक जॅक, दोन ठोकळे आणि एक सकाळ एवढ्यावर बहुतेक दोष उघड होतात. गाडीच्या ज्या भागावर माणसांचे प्राण अवलंबून असतात, त्यासाठी एवढा वेळ काढणे प्रत्येक बागायतदाराचे कर्तव्यच होय.