संस्थेचे दप्तर कोणाच्या मोबाइलमध्ये?

नाशिकमध्ये मुंबई-आग्रा महामार्गाच्या एका अंगाला सिडको, दुसऱ्या अंगाला इंदिरानगर. वडाळा-पाथर्डी रस्त्याच्या आसपास वसलेल्या या मध्यमवर्गीय वस्तीत, आणि राज्यातल्या तिच्यासारख्या इतर वस्त्यांतही, रोजचे सार्वजनिक काम छोट्या संस्थांच्या जिवावर चालते: ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळ, अभ्यासिका, रुग्णांना खाट-व्हीलचेअर वापरायला देणारा एखादा न्यास. पगारी माणूस बहुधा नसतो. असला तर अर्धवेळ. सचिव निवृत्त शिक्षक किंवा बँक कर्मचारी, कोषाध्यक्ष आपली नोकरी सांभाळून हिशेब लिहिणारा. अशा ठिकाणी संगणकाचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, फुकट काय मिळेल? प्रश्न स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. साधन आणताना किती पैसे पडले यापेक्षा ते सोडताना काय पडेल, हे आधी पाहायला हवे. आपल्या नोंदी दुसरीकडे उघडता येतील अशा रूपात परत मिळत असतील, तर पैसे मोजूनही ते साधन स्वस्त. मिळत नसतील तर फुकट असूनही महाग. छोट्या संस्थांमधले तंत्रज्ञानाविषयीचे बहुतेक गैरसमज हा हिशेब न मांडल्यामुळे तयार झाले आहेत.

सर्वांत रुजलेला समज असा की व्हॉट्सॲपचा ग्रुप आणि एखाद्या कार्यकर्त्याचा जीमेल एवढ्यावर कार्यालय चालते. चालते खरे, पण ते कार्यालय संस्थेचे नसते. वैयक्तिक गूगल खात्यात फुकट मिळणारी जागा १५ जीबी, आणि तीत त्या माणसाचे फोटो, पत्रे, अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअप हे सगळे बसवायचे असते. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल पुसून टाकू शकते. हे डिसेंबर २०२३पासून अमलात आहे. व्हॉट्सॲपचे खाते साधारण १२० दिवस न वापरल्यास रद्द होते आणि बंद पडलेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. म्हणजे सचिव वारले, मुलाकडे पुण्याला राहायला गेले किंवा मतभेद होऊन बाजूला झाले, तर देणगीदारांची यादी, कार्यक्रमांची कागदपत्रे आणि आयकर पोर्टलचा ओटीपी सारे त्यांच्याबरोबर जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अहवाल द्यावा लागतो. त्या वेळी कपाटाची किल्ली, शिक्का, चेकबुक नव्या माणसाकडे जातात. पासवर्ड मात्र मागेच राहतात. खरे तर उपाय स्वस्त आहे. संस्थेच्या नावाचे डोमेन वर्षाला साधारण हजार-दीड हजार रुपयांत मिळते. त्यावर व्यक्तीच्या नावाने नव्हे तर पदाच्या नावाने ईमेल काढावेत, एक सिमकार्ड संस्थेचे म्हणून राखावे, यूपीआयचा क्यूआर कोड कोषाध्यक्षाच्या नव्हे तर संस्थेच्याच बँक खात्याचा असावा, आणि प्रत्येक खात्याला दोन-टप्पी पडताळणी लावून त्याची जबाबदारी किमान दोघांकडे द्यावी.

दुसरा समज असा की मोठ्या कंपन्या संस्थांना सॉफ्टवेअरचे मोफत परवाने देतात, तेव्हा चिंता मिटली. परवाने मिळतात हे खरे, आणि ते घ्यावेत. नोंदणी आणि पात्रतेची पडताळणी झाली की गूगल वर्कस्पेसची ना-नफा संस्थांसाठीची मूळ आवृत्ती भारतातही विनाशुल्क मिळते. पण अनुदान देणाऱ्याला ते थांबवताही येते. मायक्रोसॉफ्ट पात्र संस्थांना बिझनेस प्रीमियमचे दहा परवाने मोफत देत असे. १ जुलै २०२५ नंतरच्या नूतनीकरणापासून ते बंद करत असल्याचे कंपनीने कळवले; बिझनेस बेसिक तेवढे मोफत राहिले आणि प्रीमियम सवलतीच्या दराने विकत घ्यायचे ठरले. यात कंपनीला दोष देण्याचे कारण नाही. ज्या संस्थांनी आपल्या फायली नियमितपणे उतरवून ठेवल्या होत्या त्यांच्यासमोर पर्याय निवडण्याचा प्रश्न आला. ज्यांनी ठेवल्या नव्हत्या त्यांना मागितलेली किंमत देण्यावाचून गत्यंतर कमी होते.

साधन सोडताना काय पडते, याचा धडा मराठीला फार आधी मिळाला आहे. युनिकोडच्या १९९१ मधल्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती, तरी पुढे कितीतरी वर्षे आपल्याकडची कार्यालये श्रीलिपी, शिवाजी, योगेश अशा फॉन्टांत टंकलेखन करत राहिली. त्या काळी छपाईसाठी ते सोयीचे होते. पण या फॉन्टांत अक्षरांना दिलेले संकेत ज्याच्या त्याच्या पद्धतीचे. त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अगम्य चिन्हे दिसतात. नाव शोधता येत नाही, यादी आडनावाप्रमाणे लावता येत नाही, मजकूर ईमेलमध्ये चिकटवता येत नाही. अनेक संस्थांचे जुने अहवाल, घटनेतील दुरुस्त्या, इतिवृत्ते आजही अशा फायलींत अडकून आहेत. मराठी टायपिंगसाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागते, हा समज त्याच काळातला आहे. आज विंडोज, लिनक्स आणि अँड्रॉइड तिन्हींत मराठी कीबोर्ड अंगभूत किंवा मोफत आहे आणि जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी रूपांतरकेही मोफत मिळतात. जोडाक्षरे आणि रफार कधीकधी चुकतात, म्हणून रूपांतरानंतर एकदा वाचून घ्यावे लागते. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही ते आधी करावे. संस्थेची स्मृती वाचवणारा याहून कमी खर्चाचा उपक्रम मला दिसत नाही.

‘गूगल ड्राइव्हवर आहे म्हणजे बॅकअप आहे’ हाही तसाच गैरसमज. ड्राइव्ह मुळात प्रती जुळवत असते: एकाने फोल्डर पुसला की तो सगळीकडून पुसला जातो आणि कचरापेटीत ३० दिवसच राहतो. वेगळ्या हार्ड डिस्कवर महिन्याला एक प्रत घ्यावी, आणि ती डिस्क कार्यालयाबाहेर ठेवावी.

‘आम्हाला कोण विचारतो’ हा समज मात्र आता धोक्याचा झाला आहे. देणगीवर आयकरातील ८०जी सवलतीचा लाभ देणाऱ्या संस्थांना २०२१-२२ या आर्थिक वर्षापासून देणगीदारांचे विवरण वर्षअखेरीनंतर ३१ मेपर्यंत ऑनलाइन भरावे लागू लागले. त्यात देणगीदाराचे नाव, पत्ता, पॅन किंवा आधार, रक्कम आणि ती कशी आली हे सारे येते, आणि उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क ठेवले गेले. पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतीवरून मे महिन्यात हे जुळवत बसण्यापेक्षा पावती फाडतानाच शीटमध्ये ओळ भरणे सोपे. लेखापरीक्षक फक्त वहीच मान्य करतात, असेही सांगितले जाते. पण ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर नियमांत आलेल्या नियम १७एएने हिशेबाची पुस्तके इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायला स्पष्ट मुभा दिली. ती दहा वर्षे जपण्याचे बंधनही त्याच नियमाने घातले, आणि दहा वर्षांत सचिव, संगणक, सॉफ्टवेअर तिन्ही बदलतात. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मधून संस्था लहान किंवा ना-नफा आहे म्हणून सरसकट सूट नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीला पालकांची पडताळता येणारी संमती लागेल. अभ्यासिका आणि संस्कार वर्ग चालवणाऱ्यांनी मुलांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवणे आजपासूनच थांबवावे.

तंत्रज्ञान म्हणजे स्वतःचे ॲप, ही समजूत देणगीदारांनाही असते. नाशिकनेच याला उत्तर दिलेले आहे. २०१५ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने भरलेल्या कुंभथॉन या तंत्रज्ञान उपक्रमाच्या वातावरणात निलय कुलकर्णी या शाळकरी मुलाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गर्दी मोजण्यासाठी ‘आशियोतो’ ही दाब ओळखणारी चटई केली. भाविकाने काही डाउनलोड करायचे नव्हते, त्याच्याकडे फोन असण्याचीही गरज नव्हती. त्याने फक्त चालायचे होते. काम करणाऱ्या माणसावर नवा भार न टाकणारे साधन टिकते. घरोघरच्या पाहणीसाठी ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स ही साधने पुरतात, नेट नसतानाही माहिती भरता येते आणि ती एक्सेलमध्ये बाहेर काढता येते. सभासद तीनशे असतील तर नीट आखलेली एक शीट पुरे.

यावर आक्षेप येतो की कार्यकर्ते समाजकार्यासाठी येतात, त्यांना कारकुनी का लावायची? आक्षेपात तथ्य आहे, म्हणूनच साधने कमी हवीत: एक ईमेल, एक साठा, एक हिशेब. दुसरा आक्षेप असा की ओडीकेसारख्या मुक्त सॉफ्टवेअरबाबत अडचण आली तर विचारायला कोणी नसते. तो काही ठिकाणी पूर्ण बरोबर आहे. मुंबईत घडलेले ईआरपीनेक्स्ट हे हिशेब-व्यवस्थापनाचे सॉफ्टवेअर मुक्त आहे, सक्षम आहे, पण सांभाळायला जाणता माणूस लागतो. तुमचे सीए टॅलीवर काम करत असतील तर टॅलीचे पैसे देणे छोट्या संस्थेला स्वस्त पडेल. दरवर्षी खातेवही एक्सेल आणि पीडीएफमध्ये काढून ठेवली म्हणजे झाले. जुन्या संगणकांचे गणित वेगळे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला, म्हणून ते भंगारात देण्याची घाई नको. त्यांवर लिनक्स आणि लिबरऑफिस चालते. केरळच्या सरकारी शाळांचे संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच उभे आहे. अभ्यासिकेच्या टेबलावर असे दोन संगणक सहज चालतील.

इंदिरानगरातल्या आणि इतरत्रच्या कार्यकारिणींना एकच विनंती आहे. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर ‘संस्थेची डिजिटल खाती आणि त्यांचे दोन जबाबदार’ हा विषय घ्या, खात्यांची यादी सभेत वाचा, पासवर्ड बंद लिफाफ्यात ठेवा आणि ठरावाची नोंद इतिवृत्तात करा.