नंदाखालचं धर्मग्राम

विरार स्टेशनच्या पश्चिमेला उतरून आगाशीच्या दिशेने निघालं, की बोळिंजपर्यंत उंच इमारती पाठ सोडत नाहीत. पुढे रस्ता अरुंद होतो, दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या लागतात, वळणावर क्रूस दिसतो. हे नंदाखाल. पवित्र आत्म्याच्या नावाने सोळाव्या शतकात इथे चर्च उभं राहिलं. त्याभोवतीच्या श्रद्धावंतांच्या वस्तीला वसईचे ख्रिस्ती लोक ‘धर्मग्राम’ म्हणतात. शब्द अगदी नेमका आहे. धर्माइतकाच त्यात ग्रामही आहे.

1534च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि मिशनरी आले. गावं ख्रिस्ती झाली, पण शेती तीच राहिली. या पट्ट्यातल्या सामवेदी ख्रिस्ती लोकांनी, म्हणजे कुपारी समाजाने, भात, केळी, पानवेली आणि फुलं पिकवली. राजेळी केळ्यांची सुकेळी हा इथला खास माल. घरात सामवेदी बोली आणि बायकांच्या अंगावर लाल लुगडं, हेही टिकलं.

1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला. लुटीत नेलेल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात पोचल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. युरोपीय पाद्री निघून गेले, देशी धर्मगुरूंनी कारभार सांभाळला. पुढे वसई 1886 ते 1928 दमणच्या धर्मप्रांतात, नंतर मुंबईच्या धर्मप्रांतात होती. स्वतःचा धर्मप्रांत मिळायला 22 मे 1998 उजाडावं लागलं. वरची सत्ता अशी वारंवार बदलली. टिकून राहिलं ते खालचं धर्मग्राम, कारण शेतकऱ्याची रोजची अडचण आणि देवळातली प्रार्थना त्याने वेगळी मानली नाही.

शेतकऱ्याची पहिली अडचण पैशाची. बी-बियाण्यासाठी सावकाराचं दार गाठायचं आणि पीक त्याच्याच घशात घालायचं, हे चक्र मोडायला 1918 मध्ये मोन्सिनियर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने पापडीला पतपेढी निघाली. तीच आजची बसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक.

दुसरा प्रश्न भाषेचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा करायला मोकळीक दिली आणि वसईने मराठी धरली. उपासना, गायनं, प्रवचनं मराठीत झाली. ‘सुवार्ता’ मासिक घरोघरी जाऊ लागलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो या परिसराचेच सुपुत्र. ते ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. 2020 साली उस्मानाबादच्या 93व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि तो अजून सुटलेला नाही. समुद्र इतका जवळ असूनही इथल्या विहिरी गोड्या राहिल्या, त्याचं श्रेय बावखलांना. घराशेजारी किंवा वाडीत खणलेलं हे तळं पावसाचं पाणी धरतं, ते सावकाश जमिनीत मुरतं आणि खालचं खारं पाणी वर येऊ देत नाही. पूर्वी त्यावरच रहाट फिरत. पंप आले, रहाट थांबले, बावखलांकडे दुर्लक्ष झालं. मग जमिनीचे भाव वाढले. 1980च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा बांधकामाला मोकळा होऊ लागला. विहिरींतून उपसलेलं पाणी टँकरने इमारतींना जाऊ लागलं. तेव्हा ‘हरित वसई’ आंदोलनाच्या अग्रभागी दिब्रिटो उभे राहिले. त्यांना धमक्या आल्या, टीका झाली. धर्मगुरूने वेदी सोडून रस्त्यावर का यावं, असंही विचारलं गेलं. ज्या गावाने कर्ज, भाषा आणि शेती यांना कधी धर्माबाहेर टाकलं नाही, त्याला हा प्रश्न पडायचं कारण नव्हतं.

आंदोलनाने बांधकामाचा वेग कमी केला, पण बांधकाम थांबलं नाही. 2009 मध्ये महानगरपालिका आली, शेतीत राबणारे हात नोकरीकडे वळले, कित्येक बावखलं भरावाखाली गेली. काही पुन्हा साफ करण्याचे प्रयत्न गावकऱ्यांनी केले, हीच काय ती जमेची बाजू.

दिब्रिटो 25 जुलै 2024 रोजी गेले. त्यांचा अंत्यविधी नंदाखालच्या चर्चमध्येच झाला. तिकडे गेलात तर चर्च जरूर पाहा. पण आधी वाटेतलं एखादं भरलेलं बावखल शोधा. ते कोरडं पडलं, तर ‘धर्मग्राम’मधला अर्धा शब्द गेला असं समजा.