‘मिग्रारे’ : जाणे आणि परतणे

भाताची झोडणी आटोपते, डहाणूच्या किनाऱ्यावर उत्तरेकडचे कुरव उतरतात आणि तलासरीकडची कित्येक कुटुंबे वीटभट्ट्यांची वाट धरतात. दोन्हींना आपण ‘स्थलांतर’ म्हणतो, इंग्रजीत ‘मायग्रेशन’. त्याचे मूळ लॅटिन ‘मिग्रारे’, म्हणजे बिऱ्हाड हलवणे. ‘एमिग्रारे’ म्हणजे बाहेर जाणे, ‘इम्मिग्रारे’ म्हणजे आत येणे. गंमत अशी की जाणारा तोच. पाहणारा कोठे उभा आहे यावर शब्द ठरतो. परतण्यासाठी ‘रेमिग्रारे’ असे वेगळे क्रियापद होते. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र जीवशास्त्रज्ञ ‘मायग्रेशन’मध्ये परतणेही धरतात.

भट्टीवरच्या कुटुंबांना हाच अर्थ लागू पडतो, असे मला वाटते. ती पावसाळ्यापूर्वी परततात. पण २०११ ची जनगणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत, म्हणजे ऐन भट्टीच्या हंगामात!

आणि आपला हजेरीपट? मुलाच्या नावापुढे नुसते ‘गैरहजर’ लिहीत गेलो, तर ते पटावरून निसटते. ‘हंगामी स्थलांतरित’ अशी नोंद करून शिक्षण हमी पत्रक हातात दिले, तर भट्टीजवळच्या शाळेत त्याला बसता येते आणि जूनमध्ये आपल्या वर्गातली त्याची जागाही राहते.